घड्याळाची साक्ष ग्राह्य धरू नका

अनंत चतुर्दशीच्या दुपारी लक्ष्मी रस्त्यावर कमरेला ढोल बांधून तीन तास वाजवणाऱ्या पोराच्या मनगटावरचं स्मार्ट घड्याळ काय दाखवेल? ठोके दीडशेच्या आसपास, त्वचा घामाने निथळलेली, हातांची अखंड हालचाल, रात्री झोप उशिरा आणि तुटक. आता त्याच शहरात, एखाद्या फ्लॅटच्या बंद खोलीत मेफेड्रोन हे उत्तेजक अमली द्रव्य ओढलेल्या मुलाचं घड्याळ घ्या. ठोके चढलेले, घाम, अस्वस्थ हालचाल, झोप गायब. दोन्ही आलेख शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा हे नजरेने सांगणं कठीण. संगणकालाही ते जाहिरातीत वाटतं तितकं सोपं जात नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आणि थेट दिल्लीपर्यंत जाऊन मेफेड्रोनचा शेकडो किलोंचा साठा पकडला, तेव्हापासून 'एमडी' हे नाव घराघरात माहीत झालं. दुसऱ्या टोकाला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान झालेली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध घेणारी मुलं आहेत. मधल्या पट्ट्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतली आणि हिंजवडीच्या रात्रपाळीतली मंडळी, चहा, कॉफी आणि एनर्जी ड्रिंकच्या डब्यांवर जागणारी. या तिन्ही गटांना जोडणारी वस्तू म्हणजे हातातलं घड्याळ. ते ठोके मोजतं, झोप मोजतं, काही मॉडेल्स घामही मोजतात. मग कोणाच्याही मनात प्रश्न येणारच की उत्तेजक पदार्थांचा शरीरावर होणारा परिणाम यातून पकडता येईल का, आणि येत असेल तर वसतिगृहाने, क्लासने, कंपनीने, पालकांनी तो पकडायला काय हरकत आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'काही प्रमाणात' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर माझ्या मते स्पष्ट 'हरकत आहे' असं आहे, आणि त्याची कारणं नीतीच्या पुस्तकापेक्षा सेन्सरच्या तळाशी असलेल्या हिरव्या दिव्यात अधिक सापडतात.

मेथिलफेनिडेट, अ‍ॅम्फेटामिन, कोकेन, मेफेड्रोन या सगळ्यांचा मूळ धंदा एकच: मेंदूत आणि नसांच्या टोकाशी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन जास्त वेळ रेंगाळत ठेवणं. कोणी ते परत शोषलं जाऊ देत नाही, कोणी शिवाय जादा सोडायलाही लावतं. कॅफीनची वाट वेगळी आहे. ते थकव्याचा निरोप पोचवणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. पण शेवट सगळ्यांचा अनुकंपी मज्जासंस्थेपाशी होतो. संकट दिसलं की शरीराला पळायला किंवा लढायला तयार करणारी ही यंत्रणा. ती जागी झाली की हृदय जोरात धडधडतं, रक्तदाब वाढतो, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, घर्मग्रंथी कामाला लागतात, बाहुल्या विस्फारतात. घड्याळ या साखळीचं शेवटचं टोक पाहतं. रक्तातलं औषध त्याला दिसत नाही. अनुकंपी यंत्रणा मुलाखतीच्या भीतीनेही जागी होते, जिना चढल्यावरही, तापातही, आणि घरी भांडण झाल्यावर तर नक्कीच.

आता हिरव्या दिव्याकडे. मनगटावरचा प्रकाशसेन्सर साधारण ५२० ते ५३० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश कातडीत सोडतो आणि परत आलेला मोजतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्याला सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं, परतणारा प्रकाश किंचित घटतो, आणि ही लाट मोजून ठोके काढले जातात. या लाटेची उंची एकूण प्रकाशाच्या मानाने अगदी थोडी असते. उत्तेजक द्रव्य कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे ज्या क्षणी मोजमाप सर्वांत महत्त्वाचं, नेमकी त्याच क्षणी लाट आणखी बुटकी होते. हात गार पडतो, संकेत क्षीण होतो, आणि अ‍ॅप तो भाग 'दर्जा अपुरा' म्हणून टाकून देतं किंवा मागच्या-पुढच्या आकड्यांवरून भरून काढतं. वापरणाऱ्याला आलेखात सलग रेष दिसते. त्यातला किती भाग मोजलेला आणि किती अंदाजाने जोडलेला, हे बहुतेक अ‍ॅप सांगत नाहीत.

दुसरी गफलत हालचालीची. चालताना किंवा धावताना हाताच्या झोक्याची लय आणि ठोक्यांची लय जवळ आली की सेन्सर झोक्यालाच ठोके समजतो. मिनिटाला १६० पावलं टाकणाऱ्याचे ठोके १६० दिसू लागतात, प्रत्यक्षात ते १२५ असले तरी. पुण्यात यात दुचाकीची भर. खडबडीत रस्ता, गतिरोधक, हँडलची थरथर, त्यात सैल पट्टा. ढोलाची टिपरी तर या सेन्सरची परीक्षा पाहायलाच बनवली असावी.

घाम मोजणारे सेन्सर कातडीवरच्या दोन इलेक्ट्रोडमधून नगण्य प्रवाह सोडून वाहकता मोजतात. एकक मायक्रोसीमेन्स. मूळ पातळी सावकाश हलते आणि तिच्यावर काही सेकंदांची टोकं उठतात. भावनिक किंवा रासायनिक उत्तेजना त्या टोकांत दिसते. अडचण अशी की घर्मग्रंथी शरीर थंड ठेवण्याचंही काम करतात. मेमधल्या चाळिशीच्या दुपारी पंख्याखाली नुसतं बसलं तरी वाहकता चढते. जुलैच्या दमट हवेत पट्ट्याखाली घाम साचतो आणि मूळ पातळी वर जाऊन तिथेच बसते. डिसेंबरच्या पहाटे कातडी इतकी कोरडी की पहिली पंधरा-वीस मिनिटं इलेक्ट्रोडला धड संपर्कच मिळत नाही. एकाच माणसाची एकाच औषधाला मिळणारी प्रतिक्रिया तीन ऋतूंत तीन तऱ्हांनी दिसते. थंड, वातानुकूलित प्रयोगशाळेत शिकवलेलं गणित इथे जसंच्या तसं चालेल ही आशाच चुकीची आहे.

तापमानाचा सेन्सर त्याहून फसवा. अ‍ॅम्फेटामिन वर्गातल्या द्रव्यांचा जिवावर बेतणारा परिणाम म्हणजे शरीराच्या आतलं तापमान भडकणं. पण रक्तवाहिन्या आकसल्यामुळे मनगटाची कातडी त्याच वेळी गार असू शकते. आत भट्टी पेटलेली आणि घड्याळावर आकडा नेहमीपेक्षा कमी. 'घड्याळ ठीक दाखवतंय' म्हणून मित्राला झोपवून ठेवणारे आपल्या घड्याळावर नको तितका विश्वास टाकत असतात. गोंधळलेलं बोलणं, तापलेली छाती-पाठ, ताठर स्नायू, छातीत दुखणं, झटका किंवा बेशुद्धी यांपैकी काहीही दिसलं तर स्क्रीनकडे बघत बसू नये, १०८ लावावा. मनगटावरचा ३० सेकंदांचा ईसीजीसुद्धा एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणारा, असतो. त्याला अनियमित लय पकडता येते, हृदयविकाराचा झटका नाकारता येत नाही.

संशोधकांनी हे सगळं हाताळून पाहिलेलं आहे, त्यामुळे हा विषय हवेतला नाही. अमेरिकेत कोकेन घेणाऱ्यांच्या छातीवर ईसीजी आणि श्वास मोजणारा पट्टा बांधून २०१३-१४ च्या सुमारास प्रयोग झाले. त्यातला एक धागा फार सुंदर आहे. नुसते चढलेले ठोके पाहण्याऐवजी ते उतरतात कसे हे पाहिलं गेलं. व्यायामानंतर शरीराला आराम देणारी परानुकंपी यंत्रणा पटकन ब्रेक लावते आणि ठोके पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच झपाट्याने खाली येतात. कोकेननंतर उतार संथ, रेंगाळणारा. म्हणजे आलेखाच्या चढापेक्षा उतारात माहिती जास्त. या पद्धतीने कोकेन घेतल्याचे प्रसंग चुकवले नाहीत, पण रोजच्या जगण्यात दिवसाला साधारण एक खोटा इशाराही दिला. वैज्ञानिक म्हणून ही कामगिरी उत्तमच आहे. वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून तिच्याकडे पाहा. तीनशे मुलं, रोज तीनशे खोटे इशारे.

खोट्या इशाऱ्यांचं गणित एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. समजा एका कंपनीत १,००० माणसं आहेत आणि एखाद्या दिवशी त्यांतल्या १० जणांनी उत्तेजक घेतलं आहे. यंत्र खरोखर घेतलेल्यांपैकी ९० टक्के पकडतं आणि न घेतलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांना बरोबर सोडून देतं, असं उदार मनाने धरू. पकडले गेलेले खरे: ९. उरलेल्या ९९० पैकी ५ टक्के, म्हणजे जवळपास ५० निर्दोष माणसंही पकडली गेली. एकूण ५९ इशाऱ्यांत ५० खोटे. मनुष्यबळ विभागात बसलेल्या माणसासमोर ही ५९ नावं येतील तेव्हा त्याला त्यातली ९ ओळखण्याचा कोणताही मार्ग नसेल. तो सगळ्यांकडेच संशयाने बघेल. शिवाय हे ५० जण कोण असतील याचाही अंदाज बांधता येतो: थायरॉइड वाढलेला, पाळीत रक्तस्राव जास्त होऊन हिमोग्लोबिन उतरलेली, दम्याचा पंप ओढणारा, पॅनिक अ‍ॅटॅक येणारी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मेथिलफेनिडेट घेणारा. म्हणजे ज्यांना आधीच काही ना काही सोसावं लागतं तेच. उलट मायग्रेनसाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती आवरणारं औषध, घेणाऱ्याचे ठोके चढणारच नाहीत, तो या जाळ्यातून अलगद निसटेल.

आणि पट्टा कोणाच्या हातावर आहे हे पट्ट्याला कळत नाही. ज्याला चुकवायचं आहे तो घड्याळ रूममेटच्या हातात देईल. अडकेल तो साधा मुलगा.

एवढं ऐकल्यावर 'मग हे खेळणं फेकूनच द्यावं' असं कोणी म्हणेल. तसं अजिबात नाही. एका माणसाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याची त्याच्याशीच केली, आणि तो स्वतः नोंदी ठेवत असला, की याच सेन्सरची किंमत एकदम वाढते. एडीएचडीच्या औषधोपचारात तर हे साधन हाताशी असून आपण ते पुरेसं वापरत नाही असं माझं म्हणणं आहे.

मेथिलफेनिडेट हे भारतात शेड्यूल एक्सचं औषध. विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. त्यामुळे पुण्यासारख्या शहरातही ते मोजक्याच दुकानांत मिळतं. डोस कमीतून सुरू करून साधारण आठवड्याच्या टप्प्यांनी वाढवला जातो. साध्या गोळीचा परिणाम दोनेक तासांत शिखरावर जातो आणि चारेक तासांत ओसरतो. हळूहळू सुटणारी कॅप्सूल-गोळी दहा-बारा तास चालते. हृदयगतीत सरासरी वाढ मिनिटाला ३ ते ६ ठोक्यांची आणि वरच्या रक्तदाबात २ ते ४ अंकांची असते. सरासरी छोटी, पण काही जणांत ती बरीच जास्त असते, आणि डॉक्टरांना शोधायचे असतात ते हेच काही जण. ब्रिटनची उपचारमार्गदर्शिका प्रत्येक डोसबदलाच्या आधी-नंतर आणि पुढे दर सहा महिन्यांनी नाडी-रक्तदाब मोजायला सांगते, आणि विश्रांतीतही ठोके १२० च्या वर टिकून राहत असतील तर डोस कमी करून तज्ज्ञांकडे पाठवायला.

प्रत्यक्षात होतं काय? दवाखान्यात नंबर येईपर्यंत दीड तास, मूल कंटाळलेलं, पालक पार्किंगवरून वैतागलेले. त्या अवस्थेत घेतलेली एकच नाडी. ती सकाळच्या गोळीच्या शिखरावर घेतली की उतारावर, हे कोणी लिहीत नाही. घड्याळ इथे उपयोगी पडतं, पण शिस्तीने वापरलं तर.

शिस्त म्हणजे अशी. औषध सुरू करण्याआधी किमान १४ दिवस घड्याळ घालून मूळ पातळी मिळवायची. हे दिवस परीक्षेचे, तापाचे किंवा लग्नकार्याचे नकोत. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, कातडीवर सरकणार नाही इतका घट्ट, पण खूण उमटेल इतका नाही. गडद शाईचं गोंदण असेल तर दुसरा हात निवडावा. एकदा निवडलेला हात बदलायचा नाही, कारण दोन हातांवरचे आकडे जुळतीलच असं नाही. सेन्सरची काच रोज ओल्या फडक्याने पुसायची. साबण, मॉइश्चरायझर आणि घामाचा थर साचला की संकेत बिघडतो. घड्याळ ठोके किती वेळाने मोजतं ते सेटिंगमध्ये जाऊन पाहायचं. बॅटरी वाचवायला बरीच घड्याळं दर काही मिनिटांनी एकदाच मोजतात. ते 'सतत' वर ठेवायचं आणि रोज चार्जिंगची वेळ अंघोळीला जोडून टाकायची.

वहीत पाच गोष्टी लिहायच्या: गोळीची वेळ आणि मात्रा, चहा-कॉफीची वेळ, जेवण, खेळ किंवा व्यायाम, झोपायला गेल्याची वेळ. अ‍ॅपमध्ये लिहिलं तरी चालेल, पण वही ढगात जात नाही हा तिचा गुण आहे. मग रोज दोन खिडक्या पाहायच्या: गोळीच्या आधीचा अर्धा तास, आणि गोळीनंतरचा दुसरा तास. दोन्ही खिडक्यांत मूल बसलेलं असलं पाहिजे. शाळेच्या दिवशी दुसरा तास वर्गात जातो, तो चांगला. मैदानाचा तास आला तर त्या दिवसाचा आकडा सोडून द्यायचा, ओढूनताणून वापरायचा नाही.

एका दिवसाच्या फरकाला अर्थ नाही. शोधायचा बदल ३ ते ६ ठोक्यांचा आणि घड्याळाची स्वतःची चूकच पाच ठोक्यांपर्यंत जाते. सोळा दिवसांची सरासरी घेतली तर इकडेतिकडे पडणारी चूक चौथ्या हिश्श्यावर येते. सैल पट्ट्यासारखी कायम एकाच दिशेला ढकलणारी चूक मात्र सरासरीने कमी होत नाही, म्हणून पट्ट्याची एवढी कटकट. सगळ्यांत भरवशाचे आकडे रात्रीचे असतात: झोपेतले सर्वांत कमी ठोके आणि झोप लागायला गेलेला वेळ. डोस वाढवल्यावर रात्रीचे ठोके सलग दोन आठवडे चढे राहिले, किंवा झोप पाऊण तास पुढे सरकली, तर ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोचवायलाच हवी. कदाचित दुपारच्या गोळीची वेळ अलीकडे आणायला लागेल. रविवारी गोळीला सुट्टी देणाऱ्या घरांनी ते रविवार वेगळे मोजावेत. नाहीतर सरासरी उगाच खाली येते आणि सगळं आलबेल वाटतं.

ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउताराला, म्हणजे एचआरव्हीला, हल्ली फार भाव आला आहे. तो मोजायचा तर छातीचा पट्टा बरा. तो हृदयाचा विद्युतसंकेत थेट पकडतो. फक्त इलेक्ट्रोड आधी पाण्याने ओले करायचे, नाहीतर पहिली दहा मिनिटं कचरा मिळतो. मनगटावरचा एचआरव्ही झोपेत, हात स्थिर असताना, बऱ्यापैकी चालतो. दिवसा नाही. 'स्ट्रेस स्कोअर ७४' असं सांगणारी घड्याळं तो आकडा कशातून काढतात हे सांगत नाहीत, आणि एखाद्या रात्री सॉफ्टवेअर बदललं की तुमची मूळ पातळीही बदलते. औषधाचा डोस वाढवायचा त्या आठवड्यात घड्याळाचं अपडेट करू नये, एवढं साधं पथ्य.

रक्तदाबासाठी दंडावर कफ बांधणाऱ्या यंत्राला पर्याय नाही. पाच मिनिटं शांत बसून, आधी अर्धा तास चहा न घेता, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोन मापं. मुलांसाठी कफ मुलांच्या मापाचा. मोठा कफ लहान दंडावर बांधला की दाब खोटा कमी येतो आणि नेमकी धोक्याची केस सुटते.

चहावाल्यांनाही, म्हणजे आपणा सगळ्यांनाच, दोन ओळींत. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन साधारण चालतं. भारतीय नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे अडीचशे मिलीच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. अर्धं कॅफीन शरीरातून जायला पाचेक तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेल्या दोन डब्यांपैकी एक मध्यरात्रीही अंगात असतोच. मेथिलफेनिडेट घेणाऱ्याच्या वहीत चहाची नोंद हवी ती यासाठीच. ठोके गोळीने चढले की टपरीने, हे त्याशिवाय उलगडत नाही.

व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठीही या साधनाला जागा आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे आणि व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून न बघता आजारी माणूस म्हणून बघायचं ही दृष्टी या शहरात त्यामुळे रुजली. उत्तेजक द्रव्य सोडल्यावर पहिले काही दिवस माणूस नुसता झोपतो. मग कित्येक आठवडे झोप विस्कटलेली राहते, आणि विस्कटलेली झोप पुन्हा घसरण्याला हातभार लावते. ही झोप घड्याळ चांगली टिपतं. तीन रात्री सलग चार तासांपेक्षा कमी झोप झाली की समुपदेशकाला फोन करायचा, असा करार माणसाने स्वतःशी केला तर तो कामाचा आहे. ठोके अचानक चढले की 'काय चाललंय?' असा प्रश्न घड्याळाने त्यालाच विचारावा, आणि उत्तर द्यायचं की नाही हे त्याने ठरवावं. हीच सूचना परस्पर बायकोच्या, बापाच्या किंवा मालकाच्या मोबाइलवर गेली तर तो दुसऱ्या दिवशी घड्याळ काढून ठेवेल. मग ना माहिती ना विश्वास.

इथे आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: लघवीची तपासणी आपण करतोच, मग घड्याळाने काय बिघडतं? बिघडतं असं की लघवीच्या तपासणीत द्रव्य किंवा त्याचे अवशेष शोधले जातात. तिलाही मर्यादा आहेत. साध्या किटवर मेफेड्रोन सुटून जाऊ शकतं. पण संशयास्पद निकाल प्रयोगशाळेत दुसऱ्या, अचूक पद्धतीने पडताळता येतो. घड्याळाने दिलेला इशारा पडताळायचा कशाशी? तो क्षण निघून गेलेला असतो. शिवाय लघवीचा नमुना एकदा घेतला की संपलं. घड्याळ चोवीस तास बोलतं, आणि बोलता बोलता भलतंच सांगून जातं: तुम्ही किती वाजता झोपलात, कुठे होतात, गरोदर आहात का.

शरीराच्या संकेतांवरून मनातलं किंवा रक्तातलं वाचण्याचा मोह पुण्याला नवा नाही. जून २००८ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात शिक्षा सुनावताना मेंदूच्या विद्युतलहरींवर आधारलेल्या चाचणीचाही आधार घेतला होता. त्या निकालाची जगभर चर्चा झाली आणि अनेक मेंदूशास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं ठरवलं. पण या निकालाच्या भरवशावर निर्धास्त राहता येणार नाही. तिथे मुद्दा मनातल्या माहितीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याचा होता. रक्त, थुंकी, बोटांचे ठसे हा भौतिक पुरावा वेगळा मानला जातो. घड्याळातले ठोके या दोन्हींत कुठे बसतील? सरकारी वकील त्यांना रक्ताच्या रांगेत बसवायचा प्रयत्न करणार हे उघड आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली घड्याळाच्या कंपनीकडे साठवलेली इलेक्ट्रॉनिक माहिती मागवता येते. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम ६४अ स्वखुशीने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देतं खरं, पण ते उपचार पूर्ण करण्याला बांधलेलं आहे. उपचारांच्या काळात मधेच पाय घसरला आणि त्याची नोंद परक्या सर्व्हरवर पडून राहिली, तर ती कोणाच्या कामी येईल?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इथे धावून येईल असं वाटतं. त्यात आरोग्यविषयक माहितीचा वेगळा, जास्त संरक्षणाचा वर्गच नाही. संमती मुक्त आणि बिनशर्त असावी असं कलम ६ म्हणतं आणि लगेच कलम ७ नोकरीशी संबंधित कारणांसाठी संमतीविना माहिती वापरायला वाट करून देतं. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला कलम ९ ने बंदी घातली, तर नियमांनी शिक्षणसंस्थांना मुलांच्या सुरक्षिततेच्या कारणासाठी सूट दिली. 'तुमच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी' असं छापलेला पट्टा नीट-जेईईच्या क्लासच्या फीमध्येच जोडून मिळायला ही फट पुरेशी आहे. विम्याच्या हप्त्यात सवलत देतो म्हणून कर्मचाऱ्यांना घड्याळं वाटायची पद्धत तर आहेच. त्या डब्यातल्या अटी कोणी वाचत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. नोकरी, प्रवेश, वसतिगृह किंवा विमा यांच्यासाठी घड्याळाची माहिती मागायला बंदी. सेन्सरचा इशारा हा सेवनाचा पुरावा म्हणून न्यायालयात, चौकशीत किंवा शिस्तभंगाच्या कारवाईत अग्राह्य. उपचारकेंद्रात घड्याळ दिलं तर माहिती रुग्णाच्या फोनवरच साठवायची, बाहेर पाठवायची तर दर वेळी त्याने स्वतः पाठवायची, आणि घड्याळ परत केलं म्हणून उपचारांतून काढायचं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ व्यसनाशी निगडित विकारांना मानसिक आजारांत धरतो आणि कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क देतो. हाच हक्क घड्याळातल्या आकड्यांनाही लागू आहे, एवढं एक परिपत्रक काढून स्पष्ट करायला राज्य सरकारला नवीन कायद्याची गरज नाही.

पालकांचं काय? चौदा वर्षांच्या मुलाच्या गोळीची वही आईनेच ठेवायची, त्यात वाद नाही. सतरा वर्षांच्या मुलाबाबत मात्र आलेख आधी त्याने बघावा, मग त्याने दाखवावा. त्याला उशीर लागेल, कधी तो दाखवणारही नाही. अशा वेळी त्याच्या नकळत अ‍ॅपचा पासवर्ड शोधणारे पालक भेटतात. त्यांना आलेखात चढलेले ठोके दिसतात. मुलाने काही घेतलं होतं की आपला फोन तपासला जातोय हे कळल्याने ते चढले, हे आलेख सांगत नाही.